अक्कांना गर्व झाला नव्हता



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दशलक्षणात बस्तीच्या पायऱ्यांवर एक बाई मला म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंना हल्ली फार गर्व झालाय हो. समोरून जय जिनेंद्र केलं तरी बघून न बघितल्यासारखं करतात." मी हसून वेळ मारून नेली. पण खरं सांगते, मनातून मला ते पटलं होतं. आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, त्या घरातही तशाच वागत होत्या. दारात कोण उभं आहे ते आवाज येईपर्यंत ओळखायच्या नाहीत. आणि त्याच अक्का फरशीच्या कडेला पडलेला दोरा मात्र बरोबर उचलायच्या. "दोरा दिसतो आणि माणूस दिसत नाही होय?" असं मीही एकदा बोलून गेले आहे. ते बोलणं आज आठवलं की लाज वाटते.

अक्कांना गर्व झाला नव्हता. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. या आजारात कडेचं दिसतं आणि ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. पुढे त्यांनीच माझ्या मुलीला सांगितलं, "तुझ्या तोंडाकडे बघितलं की तोंड जातंय बघ, कान तेवढे राहतात." वर्षभर त्या असं जग बघत होत्या आणि आमच्यापैकी कुणालाही सांगत नव्हत्या.

का सांगत नव्हत्या, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्या घरात बाईची नजर म्हणजे नुसती नजर नसते. डाळ-तांदूळ निवडणं, पीठ चाळणं, भाजी पान न् पान उलटून बघणं, पाणी गाळून जिवाणी नीट पोचवणं, ही सगळी कामं नजरेवर चालतात. "अमकीच्या हातचं शोधन म्हणजे डोळे झाकून घ्यावं" ही आपल्यातली सगळ्यात मोठी शाबासकी. अक्कांना ती चाळीस वर्षं मिळत होती.

त्याच चातुर्मासात आमच्याकडे चौका होता. तांदूळ अक्कांनी निवडले होते. महाराजांच्या अंजुलीत केस आला. अंतराय झाला. महाराज शांतपणे निघून गेले, आता दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. कुणी अक्कांना बोललं नाही. पण त्या रात्री त्या भिंतीकडे तोंड करून पडून होत्या, आणि दुसऱ्या दिवसापासून "गुडघे दुखतात" म्हणून चौक्यातून बाजूला झाल्या. मग बस्तीत जाणं कमी झालं. मग स्वाध्यायाला जाणं बंद झालं. आम्ही गुडघ्याला तेल लावत बसलो.

आज मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे: कमी दिसणं लपवून आपण धर्मही सांभाळत नाही आणि माणूसही सांभाळत नाही. कमी दिसतं ते मोजून घ्यावं, कागदावर आणावं, आणि घराने त्याप्रमाणे बदलावं.

आधी हे कमी दिसणं म्हणजे काय ते बघू. आपल्या डोक्यात दोनच खण असतात, दिसतं किंवा दिसत नाही. मधला खण फार मोठा आहे. त्याला अल्पदृष्टी म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात अंधत्व वेगळं आणि अल्पदृष्टी वेगळी धरली आहे. चष्मा लावून, उपचार करूनही दोन्हींपैकी बऱ्या डोळ्याची नजर ६/१८ च्या पुढे जात नसेल आणि ३/६० पर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी. ६/१८ म्हणजे दुसऱ्याला जे अठरा मीटरवरून वाचता येतं त्यासाठी हिला सहा मीटरवर यावं लागतं. किंवा अक्षरं वाचता येतात, पण नजरेचा घेर ४० अंशांपेक्षा लहान झालाय, तरीही ती अल्पदृष्टीच.

आणि प्रत्येकीचं कमी दिसणं वेगळं असतं. अक्कांसारखं मधलं गेलं तर चेहरा, अक्षर, सुईचं नेढं जातं, पण चालताना फारसं अडखळायला होत नाही. काचबिंदूत बऱ्याचदा उलटं होतं. समोरचं वाचता येतं, पण कडेचं जग मिटत जातं. ती बाई पोथी वाचते आणि उंबऱ्याला ठेचकाळते. आरपी नावाच्या पडद्याच्या आनुवंशिक आजारात आधी रात्रीचं दिसणं जातं. मधुमेहात पडद्यावर ठिकठिकाणी डाग पडतात, आज बरं तर उद्या धूसर. म्हणून "काल तर दिसत होतं, आज नाटक करते" असं कुणाबद्दल बोलण्याआधी जरा थांबा. उन्हात, ढगात, ट्यूबलाइटखाली, दमल्यावर एकाच डोळ्याला वेगवेगळं दिसतं.

आम्हाला पहिल्या दवाखान्यात सांगितलं, "आता काही करता येणार नाही." आम्ही फाइल घेऊन घरी आलो आणि ते वाक्यही घेऊन आलो. फार उशिरा कळलं, की डॉक्टर तेव्हा फक्त औषधाबद्दल आणि शस्त्रक्रियेबद्दल बोलत होते. उरलेली नजर कशी वापरायची हे एक वेगळं शास्त्र आहे आणि मोठ्या नेत्ररुग्णालयांत त्याचा वेगळा विभाग असतो. तेव्हा तुम्हाला कुणी असं म्हणालं तर लगेच विचारा, "अल्पदृष्टी विभाग कुठे आहे?" हा एक प्रश्न आम्ही विचारला असता तर अक्कांचं एक वर्ष वाचलं असतं.

दुसरी गोष्ट कर्माची. घरात बोलणं निघालं तेव्हा भाऊजी म्हणाले, "दर्शनावरणीय कर्माचा उदय आहे, भोगून संपवायचं. कार्ड काढून काय होणार?" आता कर्मसिद्धांत मीही पाठशाळेत शिकले आहे. चक्षुदर्शनावरण हा त्या कर्माचा एक भेद आहे हेही खरं. पण पोटात दुखलं तर आपण वेदनीय कर्म म्हणून गप्प बसतो का? औषध घेतो. चार दानांत औषधदान आहे ते कशासाठी? बारा तपांतल्या सहा अंतरंग तपांत वैयावृत्त्य आहे ते कशासाठी? कर्माचा उदय ज्याचा आहे त्याने समतेने सोसावा, हे शिकणं त्याच्यापुरतं आहे. बाजूच्याने त्याच्यावरून हात झटकावेत असं कुठेही सांगितलेलं नाही.

सम्यक्त्वाच्या आठ अंगांत उपगूहन आहे, म्हणजे दुसऱ्याचा दोष झाकणं. आपण बायका हे अंग नको तिथे लावतो. घरातल्या मुलीला कमी दिसतं, झाका. सासूला कमी दिसतं, झाका. पण झाकायचा असतो तो दोष. डोळ्याचा आजार हा दोष कधीपासून झाला? इथे लागू होतं ते पुढचं अंग, स्थितीकरण. डगमगणाऱ्याला धर्मात पुन्हा स्थिर करणं. स्वाध्याय सुटलेल्या बाईला पुन्हा स्वाध्यायात आणून बसवणं यापेक्षा सोपं स्थितीकरण कोणतं?

अक्का एकदा म्हणाल्या, "शांतिसागर महाराजांची नजर गेली तेव्हा त्यांनी कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. मी तर साधी बाई, मी कशाला धरून बसू?" मला क्षणभर बोलायला सुचलं नाही. १९५५ सालची ती गोष्ट आपल्या भागात घराघरात माहीत आहे, आणि तिच्याविषयी मान खाली घालूनच बोलावं. पण महाराजांचं व्रत महाव्रत होतं. ईर्यासमितीत चार हात जमीन स्वतःच्या डोळ्यांनी बघून पाऊल टाकायचं, आहार स्वतः बघून घ्यायचा. ते पाळता येईना म्हणून आचार्यांनी तो निर्णय घेतला. श्राविकेची व्रतं अणुव्रतं आहेत. तिला हात धरायला माणूस चालतो, निवडायला सून चालते, वाचून दाखवायला नात चालते. मुनींचा नियम घेऊन बसली आणि स्वतःला मिळालेली सोय नाकारली, तर त्याला वैराग्य म्हणायचं की रुसवा? मी अक्कांना हे असंच विचारलं. त्या हसल्या नाहीत, पण रुसल्याही नाहीत.

आणि हिंसेचं म्हणाल, तर आपल्या शास्त्रात हिंसेच्या मुळाशी प्रमाद सांगितला आहे. दिसत नाही हा प्रमाद नव्हे. दिसत नसताना "दिसतंय की" म्हणत तांदूळ निवडत राहणं, हा मात्र प्रमाद आहे. पण तो एकट्या अक्कांचा नव्हता. "मला आता दिसत नाही" हे वाक्य ज्या घरात बोलता येत नाही, त्या घराचाही तो प्रमाद आहे.

आता कागदाचं. दाखला केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरून काढायचा. त्यालाच यूडीआयडी म्हणतात. जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचे दाखले याच पोर्टलवरून देणं सक्तीचं आहे. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि सही किंवा अंगठा लावून अर्ज भरायचा, मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात, बहुतेक वेळा जिल्ह्याच्या ठिकाणी, तपासणीला जायचं. पैसे लागत नाहीत, मध्यस्थ लागत नाही. जाताना जुनी सगळी फाइल, चष्मा, आणि घेर तपासलेला असेल तर तो आलेखही न्या. नाव आधारवर जसं आहे तसंच अर्जात घाला. आपल्याकडे माहेरचं-सासरचं नाव, आडनावाचं स्पेलिंग यावरून फार फेऱ्या होतात. आणि पिकलेला मोतीबिंदू असेल तर आधी तो काढून घ्या, कारण मोजतात ती उपचारानंतर उरलेली नजर.

टक्केवारीचं साधं गणित लक्षात ठेवा. बरा डोळा ६/२४ ते ६/६० आणि दुसराही तेवढाच, तर ४० टक्के. दुसरा त्याहून खाली ३/६० पर्यंत असेल तर ५०, आणि ३/६० च्याही खाली गेला असेल तर ६०. अक्कांचा बरा डोळा ६/६० आणि दुसरा जवळजवळ गेलेला, म्हणून त्यांना ६० टक्के मिळाले. बरा डोळाच ६/६० च्या खाली असेल तर टक्के ७० पासून पुढे जातात. एक डोळा पूर्ण गेला पण दुसरा उत्तम, तर ३० टक्केच. म्हणजे दाखला मिळतो, पण बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात.

सवलती काय? एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सूट. जुन्या करपद्धतीने विवरण भरत असाल तर अवलंबून असलेल्या दिव्यांग माणसामागे ७५,००० रुपयांची वजावट, आणि ८० टक्क्यांपासून पुढे १,२५,००० रुपयांची. रेल्वेची सवलत मात्र पूर्ण अंधत्व असलेल्यांसाठी आहे, अल्पदृष्टीला ती धरून चालू नका. भाऊजींनी ही यादी ऐकली आणि म्हणाले, "एवढ्यासाठी आपल्या घरात अपंग आहे असं लिहून द्यायचं?" अक्कांच्या वयाला एसटीच्या तिकिटाचा फायदा किती, हे त्यांचं बरोबर होतं. तरी दाखला उपयोगी पडला तो दुसऱ्याच कारणाने. घरातला वाद संपला. साठ टक्के असा आकडा बघितल्यावर "नाटक" हा शब्द घरातून गेला. बँकेत सही जुळली नाही तर अक्का आता कार्ड पुढे करतात आणि शांत उभ्या राहतात. आधी त्या घाबऱ्या व्हायच्या.

पण शाळा-कॉलेजातल्या मुलीसाठी हाच कागद सगळं आयुष्य बदलू शकतो. ४० टक्के आणि त्यापुढे असेल तर परीक्षेत लेखनिक मिळतो आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा, सरकारी नोकरीत ४ टक्के, आणि त्यातला १ टक्का खास अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. मुलगी दहावीला पेपर अर्धा सोडून येते, आपण तिला आळशी म्हणतो आणि दाखला काढत नाही. का? तर पुढे स्थळं येणार नाहीत. मैत्रिणींनो, लग्न झाल्यावर पहिल्याच अंधाऱ्या संध्याकाळी सासरी कळणार नाही का? तेव्हा तिच्यावर फसवणुकीचा डाग लागेल, आणि आजार तर तिथेच असेल. त्यापेक्षा शिकलेली, कमावती, आणि उघडपणे "मला रात्री दिसत नाही" असं सांगणारी मुलगी जास्त ठामपणे उभी राहते. आणि आपल्या भागात मामा-आत्याच्या नात्यात लग्नं होतात. घराण्यात आरपीसारखा आजार असेल तर नात्यात लग्न ठरवण्याआधी आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरांशी बोलणं ही लाजायची गोष्ट नाही.

घर बदलायला आम्हाला फार खर्च आला नाही. स्टीलच्या ताटात पांढरा भात अक्कांना दिसायचा नाही, आता त्या गडद ताटात जेवतात. गॅसच्या बटणावर 'बंद' कुठे ते बोटाला कळावं म्हणून नेलपॉलिशचा जाड ठिपका दिला. उंबऱ्याला आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी मारली. सूर्यास्तापूर्वीचं जेवण आपण नेमकं उतरत्या उजेडात करतो, आणि उजेड आहे म्हणून दिवा लावत नाही. आता पाचलाच ताटावर दिवा लागतो. वाचायला दिवा असलेलं भिंग आणलं. पूजेचे अर्घ्य मी पांढऱ्या कागदावर काळ्या मार्करने बोटभर अक्षरांत लिहून दिले. फोनमध्ये अक्षर मोठं करता येतं आणि फोन वाचूनही दाखवतो, ही सोय आत असतेच, वेगळी विकत घ्यावी लागत नाही. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मणी नावाचं ॲप आहे. पाचशेच्या नोटेच्या कडेला पाच उंच रेघा असतात आणि शंभरच्या नोटेला चार, हे अक्कांनी बोटांनीच शिकून घेतलं. पुस्तकं ऐकायची असतील तर सुगम्य पुस्तकालय आहे. मुंबईत नॅब आणि सेंट झेवियर्स कॉलेजातलं केंद्र, पुण्यात एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालय, ही चौकशीची ठिकाणं लक्षात असू द्या.

एक तपासणी मात्र घरीच करा, आजच. एक डोळा झाकून दरवाजाच्या चौकटीकडे किंवा फरशीच्या रेघांकडे बघा. मग दुसरा. सरळ रेघ वाकडी दिसली तर थांबू नका. पडद्याच्या एका प्रकारच्या आजारात डोळ्यात वेळेवर इंजेक्शन दिलं तर नजर वाचू शकते. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासा. आईवडिलांना काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर स्वतःचे डोळे दाखवा, कारण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

आणि बस्तीच्या कमिटीला माझं सांगणं आहे. आपण शिखराला रोषणाई करतो, पायरीला करत नाही. उन्हातून एकदम काळोख्या गाभाऱ्यात येणाऱ्या म्हाताऱ्या बाईला काय दिसत असेल? एक दिवा, एक कठडा, पायऱ्यांच्या कडेला पिवळा रंग. हा खर्च एका बोलीच्या मानाने किती?

पंडित सुखलालजींची सोळाव्या वर्षी देवीच्या साथीत दृष्टी गेली. पुढे ते काशीला शिकले, तिथेच विद्यापीठात शिकवलं, तत्त्वार्थसूत्रावर विवेचन लिहिलं आणि १९७४ साली पद्मभूषण झाले. ते वाचू शकत नव्हते, त्यांना वाचून दाखवलं जात होतं. आपण आगमाला श्रुत म्हणतो, म्हणजे ऐकलेलं. आधी शतकानुशतकं ते कानावरच टिकलं. मग डोळे अधू झालेल्या बाईने स्वाध्यायाच्या वर्गातून उठून का जावं?

अक्का आता तांदूळ निवडत नाहीत. ते काम मी करते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याइतकं चांगलं करत नाही. ते त्या मला सांगतातही. अंतरायाची गोष्ट निघाली की त्यांचा आवाज अजून बदलतो. पण स्वाध्यायाला जातात. तिथे एकीने वाचायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं असं ठरलं आहे.

गेल्या दशलक्षणात त्याच बाई पायऱ्यांवर पुन्हा भेटल्या. मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. त्या अक्कांच्या जवळ आल्या, हाताला हात लावला आणि स्वतःचं नाव सांगून म्हणाल्या, "जय जिनेंद्र, अक्का." अक्कांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि म्हणाल्या, "अगं, तू होय! दोन वर्षं बोलली नाहीस ती?"

मला एवढंच मागायचं आहे. उद्या बस्तीत कुणी ओळख दिली नाही, तर गर्व म्हणण्याआधी आपलं नाव सांगा.

जय जिनेंद्र.